कुरटे बेटाभोवतीची रेघ

देहूरोडला रेड झोन म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लष्कराच्या दारूगोळा डेपोभोवती दोन हजार यार्डांचा, म्हणजे सुमारे १,८०० मीटरचा पट्टा. त्यात नवं बांधकाम करायचं नाही. कायदा १९०३ चा, डेपो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. तेव्हा आजूबाजूला माळ, ओढे आणि ज्वारी-बाजरीची शेतं होती, त्यामुळे या रेघेचा कुणाला काच नव्हता. पुढे पिंपरी-चिंचवडला कारखाने आले, निगडी, तळवडे, चिखली ही गावं शहरात गेली आणि रेघ लोकांच्या अंगणातून जायला लागली. आता इकडे जागा बघायला आलेला माणूस पाण्याची चौकशी नंतर करतो. आधी विचारतो, "रेड झोनमध्ये येतं का हो?"

या रेघेचा एक फायदा मात्र झाला, आणि तो कुणी मागितलेला नव्हता. तारेच्या आतली झाडं राहिली, गवत राहिलं. लोकलने आकुर्डी सोडून देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी असं जाताना खिडकीतून बघा, इमारतींची रांग मध्येच तुटते आणि काही मिनिटं नुसती हिरवाई लागते. पावसाळ्याच्या तोंडावर तिकडून मोरांची केकावली ऐकू येते. तिथे वनखात्याचा फलक नाही, अभयारण्य नाही. पहारा आहे तो दारूगोळ्यासाठी. मोर त्या पहाऱ्यात फुकट राहतात.

समुद्रातल्या अशाच एका रेघेबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते देहूरोडमध्येच. आमच्या भागात मालवणी माणसं भरपूर. कुणाचे आजोबा डेपोत लागले, कुणाचे वडील टेल्कोत, कुणी बजाजमध्ये. गणपतीला अर्धी चाळ कोकणात जाते आणि उरलेली अर्धी त्यांच्या घरांच्या किल्ल्या सांभाळते. अशाच एका घरी रेड झोनवरून तावातावाने बोलणं चाललं होतं. त्यांच्याकडे गावाहून आलेले एक म्हातारे काका बराच वेळ ऐकत बसले होते. शेवटी म्हणाले, तुमचा रेड झोन जमिनीवर तरी आहे, आमच्या मालवणला तो पाण्यात आहे.

काका म्हणत होते तो रेड झोन म्हणजे मालवण सागरी अभयारण्य. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि चांदोली. त्यातलं एकही समुद्रात नाही. ७२० किलोमीटरचा किनारा म्हणून आपण शाळेपासून ज्याची घोकंपट्टी केली, त्या किनाऱ्यावर बेट, त्याच्या भोवतालचं पाणी आणि त्यातले जीव अशा तिन्हींसाठी राखलेली जागा बघायची तर मालवणलाच जावं लागतं. १३ एप्रिल १९८७ रोजी ते जाहीर झालं. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर; त्यातला गाभा फक्त ३.१८. या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याचं कुरटे बेट येतं, शेजारचा पद्मगड येतो आणि भोवतीचे पाण्यातले खडक येतात. बाकीचं सगळं भोवतालचं संरक्षक पाणी.

आणि ही रेघ किनाऱ्याच्या किती जवळून जाते, तर मालवण बंदरापासून तिचं सर्वांत जवळचं टोक ५० मीटरवर आहे. म्हणजे होडी लोटली, चार वल्ही मारली की तुम्ही अभयारण्यात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण त्यात आहे.

*

कुरटे बेट आपल्याला माहीत आहे ते किल्ल्यामुळे. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला या बेटावर किल्ल्याचा पाया घातला. त्याआधीची पूजा किनाऱ्यावरच्या ज्या खडकापाशी झाली, तो मोरयाचा धोंडा आजही लोक दाखवतात. त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. बांधकाम हिरोजी इंदुलकरांकडे होतं. ४८ एकरांचं बेट, त्याच्या काठाकाठाने नागमोडी फिरणारा तीनेक किलोमीटरचा तट. दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात असा दडवलेला की होडी अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. आत महाराजांच्या हातापायाचे चुन्यातले ठसे, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी.

खाऱ्या पाण्याने वेढलेल्या बेटावर गोडं पाणी कसं, याचं नवल प्रत्येक सहलीत केलं जातं आणि गाईड लोक त्याला चमत्काराचा रंग देतात. कारण साधं आहे. बेटावर पडलेला पाऊस भेगांतून खाली मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाली जाऊन मिसळून न जाता खाऱ्यावर तरंगत राहतं. विहीर नेमकी त्या थरापर्यंत खणायची. खोल गेलात की खारं लागलंच. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे जाणून विहिरी तिथेच थांबवल्या, त्यांचं कौतुक चमत्कार म्हटल्याने उलट कमी होतं, असं माझं मत.

पद्मगडावर गलबतं बांधायची आणि डागडुजी करायची सोय होती. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं आणि पुढच्याच वर्षी पैसे घेऊन कोल्हापूरकरांना परत केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. ते इंग्रजी नाव कागदात राहिलं. मालवणात कुणाच्या तोंडी बसलं नाही. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात सिंधुदुर्ग आहे.

म्हणजे एकाच बेटावर तीन पाट्या. वारसास्थळाची, पुरातत्त्व खात्याची आणि अभयारण्याची. पहिल्या दोन सगळ्यांना ठाऊक असतात. किल्ला बघून जेट्टीवर उतरणाऱ्याला विचारा, आपण आत्ता एका अभयारण्याच्या गाभ्यातून फिरून आलो हे शंभरात किती जणांना माहीत असतं. डिसेंबर २०२३ मध्ये मालवणला नौदल दिन झाला, तिथल्याच राजकोट किल्ल्यावर महाराजांचा पुतळा उभा राहिला, २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला, मग महिनोन् महिने वाद झाला. अख्खा महाराष्ट्र मालवणच्या समुद्राकडे तोंड करून बोलत होता. त्या बोलण्यात अभयारण्य हा शब्द मला तरी कुठे ऐकू आला नाही.

*

तटावरून खाली बघायचं असेल तर ओहोटीची वेळ साधायला हवी. पाणी ओसरलं की बुरुजाच्या पायथ्याशी खडक उघडे पडतात आणि त्यांच्यावर पट्टे दिसतात. सर्वांत वर, जिथे फक्त लाटेचे तुषार पोचतात, तिथे बारीक शंख खडकाच्या भेगेत दाटीने बसलेले. त्याखाली पांढुरके, ज्वालामुखीच्या तोंडासारखे बार्नेकल. त्याखाली कालवं, यांच्या कडा इतक्या धारदार की अनवाणी पाय पडला तर रक्त आलंच. मालवणच्या बायका याच पट्ट्यात उकिडव्या बसून लोखंडी हत्याराने कालवं फोडतात आणि आतला लिबलिबीत गर डब्यात गोळा करतात. दोन-तीन तासांचं काम, कारण भरतीला कुणाची वाट बघायची सवय नाही.

त्याच्याही खाली डबकी. पाण्याने भरलेल्या एखाद्या खळग्यापाशी सावली न पाडता बसलं तर पाचेक मिनिटांत तिथली वस्ती परत कामाला लागते. दगडाला चिकटलेली समुद्रफुलं आपल्या बारीक बोटांचा झुबका उघडतात. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा चालू लागतो. दगडाखालून पाच नागमोडी हात बाहेर येतात आणि चाहूल लागताच आत जातात; तो तारामाशाचा सडपातळ भाऊबंद, ब्रिटल स्टार. बोटभर मासे एका डबक्यातून दुसऱ्यात उड्या मारतात. आणि सगळीकडे सरगॅसम, तपकिरी रंगाचं शेवाळ, ज्याच्या फांद्यांना मण्यांएवढे हवेचे फुगे असतात. पावसाळा संपला की ते वाढायला लागतं, हिवाळ्यात खडकांवर त्याचं रान होतं, त्यात माशांची पिल्लं लपतात, आणि उन्हाळ्यात ते तुटून किनाऱ्यावर ढिगाने येऊन पडतं. पर्यटकांना तो कचरा वाटतो.

थोडं खोल गेलं की प्रवाळ. मालवणला प्रवाळ आहे हे ऐकून अनेकांच्या डोळ्यांपुढे अंदमान-लक्षद्वीपची फांद्याफांद्यांची रंगीत बाग येते. तसं काही तिथे नाही. इथलं प्रवाळ बहुतेक गोल, गुबगुबीत, दगडाला दगड चिकटावा असं वाढणारं. पोराइट्स, गोनिॲस्ट्रिया, टर्बिनेरिया या त्यातल्या काही प्रजाती. पावसाळ्यात नद्यांचा गढूळ, गोडा लोंढा समुद्रात येतो, पाणी महिनोन् महिने चहासारखं असतं. प्रवाळाला हवं असतं ते स्वच्छ, उन्हाचं पाणी. कारण प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि सूर्यप्रकाशावर ते जे अन्न बनवतं त्यावर मालकाचं पोट भरतं. पाणी फार तापलं की हे भाडेकरू बाहेर पडतात, प्रवाळ पांढरं पडतं आणि परिस्थिती तशीच राहिली तर मरतं. मालवणच्या प्रवाळाने गढूळ पाण्यात तगायची सवय करून घेतली आहे. सगळ्या हालअपेष्टांत टिकलेली ही जातिवंत चिवट मंडळी. म्हणूनच ती अभ्यासकांना मोलाची वाटतात, आणि दिसायला साधी असल्यामुळे इतरांना वाटत नाहीत.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत मालवणच्या खडकांवरची शेवाळं आणि प्राणी यांच्या याद्या केल्या. एवढ्याशा जागेत इतके जीव, हे तेव्हा कागदावर आलं. देशातही तो काळ सागरी उद्यानांचा होता. १९८२ मध्ये कच्छच्या आखातातलं राष्ट्रीय उद्यान झालं, १९८३ मध्ये अंदमानात वंडूरचं, १९८६ मध्ये मन्नारच्या आखातातल्या २१ बेटांचं. त्या ओळीत १९८७ मध्ये मालवण आलं. यात काही गैर नव्हतं. गैर होतं ते पुढचं.

*

वन्यजीव कायद्यात अभयारण्य करायची एक रीत आहे. सरकार आधी इरादा जाहीर करतं. मग जिल्हाधिकाऱ्याने त्या जागेवर कुणाकुणाचे कोणते हक्क आहेत ते ऐकायचे, नोंदवायचे, मान्य किंवा अमान्य करायचे आणि भरपाई ठरवायची. राष्ट्रीय उद्यानात असे हक्क शिल्लक ठेवता येत नाहीत. अभयारण्यात काही ठेवता येतात. जंगलात हे तरी जमतं, कारण तिथे गट नंबर असतो, गुरचरण असतं, कुणाच्या तरी नावाचा उतारा असतो. समुद्रात सातबारा नाही. पिढ्यान् पिढ्या एखादी वाडी जिथे जाळं टाकते, तो तिचा हक्क आहे हे गावाला ठाऊक असतं, दप्तराला नसतं. १९९१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि सागरी हद्दीत अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं रक्षण होईल याची पुरेशी तजवीज केल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं कलम आलं. मालवणची अधिसूचना तोवर चार वर्षांची झाली होती.

मालवणात मासेमारी होते ती कशी, हे कळल्याशिवाय तिथला राग कळत नाही. रापण हे तिथलं जुनं तंत्र. होडी जाळं घेऊन किनाऱ्यावरून निघते, समुद्रात अर्धवर्तुळ काढत जाळं सोडत जाते आणि लांबवर परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसं दोरांना लागतात आणि तासन् तास ओढतात. बांगडे, तारली, पेडवे, मिळेल ते. बायका, म्हातारे, शाळेतून आलेली पोरं, सगळे दोराला. मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्याचा वेगळा. कोणत्या रापण संघाने कुठे आणि कधी जाळं लावायचं याचे त्यांचे त्यांचे पाळीचे नियम आहेत. ही मासेमारी किनाऱ्यालगतची. आणि अभयारण्याची रेघ किनाऱ्यापासून ५० मीटरवर. समोरचा समुद्र बंद होणार अशी भीती त्यांना वाटली तर त्यात वेडगळपणा काहीच नाही. देहूरोड-तळवड्याच्या माणसाला तर ती भीती सांगावीही लागत नाही.

विरोध झाला आणि तो एका पिढीकडून दुसरीकडे गेला. सरकारने अधिसूचना मागे घेतली नाही, आणि ती नेटाने राबवलीही नाही. हे असं अधांतरी ठेवणं ही आपल्याकडची जुनी खोड. त्यातून कुणाचंच भलं होत नाही. रापणवाल्याच्या मनात टांगती तलवार राहते, आणि प्रवाळाच्या वाट्याला कागदापलीकडे काही येत नाही.

त्याच काळात खरा घाला भलतीकडून आला. यांत्रिक ट्रॉलर, पर्ससीन जाळी, पुढे एलईडीचे प्रखर दिवे लावून रात्री मासे एका जागी ओढून घेण्याची युक्ती. रापणवाला किनाऱ्यावर मासा यायची वाट बघतो आणि मासा खोल पाण्यातच थव्यानिशी उचलला जातो. परराज्यांतले वेगवान ट्रॉलर मालवणच्या जलधीत घुसल्यावरून समुद्रात झटापटी झाल्या. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर बंधनं घातली, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी आणली. ही बंधनं पाळली जावीत म्हणून सर्वांत जास्त आरडाओरड पारंपरिक मच्छीमारच करत आले आहेत. ज्यांना अभयारण्याचे शत्रू ठरवलं, ते समुद्र वाचवा म्हणून रस्त्यावर उतरतात. त्यांच्याशी बोलणी करायला यापेक्षा चांगला मुहूर्त कोणता हवा होता?

*

मालवणच्या दक्षिणेला, वेंगुर्ल्यासमोर, किनाऱ्यापासून दूर खडकांचा एक पुंजका आहे. वेंगुर्ला रॉक्स. त्यातल्या एका बेटाला नकाशावर 'बर्न्ट आयलंड' म्हणतात. या खडकांवर दीपगृह आहे, माणसांची वस्ती नाही, आणि उतरणं म्हणजे लाटेचा अंदाज घेऊन खडकावर मारलेली उडी. मालवण अभयारण्याच्या हद्दीत हे खडक येत नाहीत. पण सिंधुदुर्गातल्या समुद्री पक्ष्यांची खरी राजधानी तीच.

तिथल्या गुहेत पाकोळ्या राहतात. चिमणीहून लहान, तपकिरी, लांब कोयत्यासारख्या पंखांचा पक्षी. दिवसभर हवेत किडे टिपतो आणि अंधाऱ्या गुहेत परततो तो तोंडाने टिकटिक आवाज काढत. भिंतीवरून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून त्याला वाट कळते. घरटं बांधायला त्याच्याकडे चिखल नाही, काटक्या थोड्याच. तो आपली लाळ वापरतो. लाळेचा एकेक थर गुहेच्या कातळावर चढवत, त्यात पिसं आणि गवत मिसळत, वाटीच्या चतकोर तुकड्याएवढं घरटं तयार होतं. एकाला एक चिकटून अशी घरट्यांची वस्ती. या जातीची घरटी पूर्वेकडच्या जातींइतकी शुद्ध पांढरी नसतात, तरी आग्नेय आशिया आणि चीनमध्ये पाकोळीच्या घरट्याचं सूप म्हणजे श्रीमंती खाणं, त्यामुळे यांनाही गिऱ्हाईक आहे.

पक्षी-अभ्यासकांना हे खडक फार पूर्वीपासून माहीत. हुमायून अब्दुलअली यांनी तिथल्या सुरय पक्ष्यांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलेला लेख मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात १९४२ मध्ये आला. सुरय तिथे पावसाळ्यात उघड्या कातळावर अंडी घालतात, म्हणजे नेमके त्या दिवसांत जेव्हा होडी तिकडे जाऊच शकत नाही. खवळलेला समुद्र हाच त्यांचा राखणदार. पाकोळ्यांचं तसं नाही. त्यांची वीण पावसाच्या आधी, समुद्र शांत असताना. तेव्हाच चोर पोचतात. घरटं काढलं की पक्षी पुन्हा लाळ गाळून दुसरं बांधतो. तेही काढलं की तिसरं. त्यातल्या अंड्यांचं आणि पिल्लांचं काय होतं ते सांगायला नको.

या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या लोकांनी ही चोरी उघडकीला आणली आणि वनखात्याला बरोबर घेऊन विणीच्या काळात पहाऱ्याची व्यवस्था लावली. हीच ती संस्था, जिने वेळासला कासवांची अंडी सांभाळायचं काम गावकऱ्यांच्या हाती दिलं आणि सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर काकण घारीची, म्हणजे समुद्र गरुडाची, घरटी मोजली. पाकोळ्यांसाठी कुणी मोठं उद्यान जाहीर केलं नव्हतं. चार माणसं ऐन वेळी तिथे होती, एवढंच. मला या सगळ्या किनाऱ्यावर सर्वांत पटलेलं काम हेच.

*

तशी कामं मालवणच्या पाण्यातही झाली आहेत, अभयारण्याच्या नावाशिवाय. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर एक प्रकल्प चालला. २०१२ मध्ये राज्याच्या वनखात्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. छोटी मासळी निसटून जावी म्हणून ट्रॉलच्या जाळ्याला शेवटी चौकोनी आस लावायचा प्रयोग झाला. बायकांच्या गटांनी कालवं आणि खेकडे पाळून पाहिले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' या महिला गटाने कांदळवनातून होडी वल्हवत पर्यटकांना फिरवायला सुरुवात केली. पूर्वी खाडीकाठची चिखलट, डासांची जागा म्हणून नाक मुरडायचे, तिथे आता तिकीट काढून लोक जातात.

या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती एक छोटी योजना. जाळ्यात कासव, व्हेल शार्क यांसारखा संरक्षित प्राणी अडकला तर तो सोडवायला जाळं कापावं लागतं. जाळं म्हणजे मच्छीमाराचं भांडवल. पूर्वी भलामोठा मासा निमूट बंदरावर यायचा, किंवा धाकाने तिथेच मारून टाकला जायचा. कांदळवन कक्षाने जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला सुरुवात केली. मच्छीमाराने जाळं कापायचं, जनावर सोडायचं आणि पुरावा म्हणून फोटो काढायचा. कासवं सुटली, व्हेल शार्क सुटले. यात कुणी कुणाला समुद्राचं महत्त्व पटवलं नाही. झालेला तोटा भरून दिला.

त्याच दशकात कोकणातल्या डॉल्फिनांचा अभ्यास करणाऱ्या तरुणांनी किनाऱ्यालगतच्या कुबडी डॉल्फिनांच्या पाठीवरच्या पंखांचे फोटो जुळवत एकेक डॉल्फिन ओळखायचं काम केलं. या डॉल्फिनला मच्छीमार गादा म्हणतात आणि जाळ्यातला मासा पळवतो म्हणून त्याच्यावर तसे वैतागलेलेच असतात. २०१५ मध्ये याच अभ्यासकांना सिंधुदुर्गच्या पाण्यात निळा देवमासा दिसला. पृथ्वीवर आजवर झालेला सर्वांत मोठा प्राणी, आणि तो कुठे दिसला, तर आपण वडापाव खात सूर्यास्त बघतो त्या किनाऱ्यासमोर.

आणि मग पर्यटन. तारकर्लीला सरकारी स्कूबा केंद्र आलं, मालवणच्या दांडी किनाऱ्यावर शेकडो छोट्या होड्या रंगल्या, देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूच्या एका पट्टीला 'त्सुनामी आयलंड' असं नाव मिळालं आणि तिथे पाण्यातल्या मोटारसायकली घुमायला लागल्या. ज्या घरांनी अभयारण्याला विरोध केला, त्यांचीच मुलं आज लोकांना प्रवाळ दाखवून पोट भरतात. हा बदल मला मनापासून आवडतो. पण दाखवायची पद्धत बघवत नाही. मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव आणि बिस्किटं टाकायची. पोहता न येणारा घाबरला की त्याला खालच्या खडकावर उभं करायचं. तो खडक म्हणजे शेकडो जिवांची वसाहत. तेवढ्याच जागेवर होड्यांचे नांगर पुन्हा पुन्हा पडतात. गाभा आहे ३.१८ चौरस किलोमीटरचा, त्यातला प्रवाळाचा भाग त्याहून कितीतरी लहान. तिथे नांगराऐवजी कायमच्या बोयांना होडी बांधायची सोय करणं हा काही फार मोठ्या खर्चाचा विषय नाही.

*

देहूरोडपासून थोड्याच अंतरावर, देहूच्या घाटावर, इंद्रायणीतले मासे धरायचे नाहीत असा दंडक आहे. तुकोबांच्या गावच्या डोहातले ते मासे देवाचे. कायद्याची गरज नव्हती, पहाऱ्याची नव्हती. पिढ्यान् पिढ्या ते पाळलं गेलं. पण वरून सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी येतं, आणि मेलेले मासे काठाला लागल्याच्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. श्रद्धेने गळ टाकणारा हात थांबतो; नाल्यावर तिचं काही चालत नाही, तिथे सरकारच लागतं.

म्हणून मालवणबद्दल माझं म्हणणं हट्टाने मांडतो. १९८७ ची प्रक्रिया सरकारने एकदाची पुरी करावी. रापण, गळ, होडीची जाळी या पारंपरिक मासेमारीचे हक्क बाहेरच्या पाण्यात लेखी द्यावेत, आणि त्याच पाण्यातून ट्रॉलर, पर्ससीन आणि एलईडी खरोखर हद्दपार करावेत. मच्छीमार आज तेच मागतो आहे. त्याच्या बदल्यात ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा कडक राखावा, आणि राखायला माणसं बाहेरून न आणता रापण संघांतली आणि दांडीवरची स्कूबाची मुलं पगार देऊन घ्यावीत. किल्ल्यावर नेणाऱ्या होडीच्या तिकिटाचा काही भाग या कामाला लावावा. हे होणार नसेल तर सरकारने अधिसूचना रद्द करायचा प्रामाणिकपणा तरी दाखवावा.

दिवाळीच्या सुट्टीत निगडीहून मालवणच्या गाड्या भरभरून जातील. हा अंक हातात असलेल्यांपैकीही अनेकजण त्यात असतील. किल्ला जरूर बघा, ओहोटीची वेळ होडीवाल्याला विचारून घ्या आणि तटाखालच्या डबक्यांपाशी थोडं थांबा. पाण्यात उतरलात तर माशांना पाव टाकू नका, कुणी टाकत असेल तर त्याचे पैसे देणार नाही म्हणून सांगा. आणि दम लागला तरी पाय खालच्या खडकावर टेकवू नका. लाइफ जॅकेट तुम्हाला वर धरायलाच दिलेलं असतं.